मोटारनौकेतील कंप आणि त्याचे निदान

वेगाने जाणाऱ्या मोटारनौकेत कंप जाणवतो तो पायाखालच्या फळीत किंवा हातातील चक्रात. परंतु त्याचे मूळ तेथेच असेल असे नाही. धातू, लाकूड आणि पाणी या तिन्हींमधून कंप दूरवर पोहोचतो. त्यामुळे तो जेथे जाणवतो ती जागा आणि जेथे तो उत्पन्न होतो ती जागा यांत पुष्कळदा अंतर असते. हे लक्षात न घेता एकामागून एक भाग बदलत गेल्यास पैसा खर्च होतो व दोष मात्र तसाच राहतो. स्टर्नड्राइव्ह पद्धतीच्या नौकेत तर अशा चुकीपायी नौका बुडण्याचाही संभव असतो. ते कसे, हे कळण्यासाठी प्रथम या यंत्रणेची रचना पाहिली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहान मोटारनौकांचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. एका प्रकारात इंजिन नौकेच्या पोटात असे आणि त्याचा लांब शाफ्ट तळातून तिरपा बाहेर पडे. दुसऱ्यात इंजिन आणि पंखा ही दोन्ही पिछाडीला बाहेर टांगलेली असत. या दोहोंची सांगड घालण्याच्या कामी जिम विन आणि चार्ल्स स्ट्रँग या अमेरिकी अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने अशी यंत्रणा बाजारात आणली. तीत इंजिन नौकेच्या आत, पिछाडीच्या भिंतीला लागून बसवलेले असते. भिंतीबाहेरील चालकभागात शक्ती दंतचक्रांच्या साहाय्याने दोनदा काटकोनात वळते आणि पाण्याखालील पंख्यापर्यंत पोहोचते. या नौकेला वेगळे सुकाणू नसते. संपूर्ण चालकभागच डावीउजवीकडे वळतो आणि वरखालीही होतो. तो वळत असताना शाफ्ट अखंड फिरता राहावा म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट असतात. शाफ्टला आधार देणारे बेअरिंग असते आणि या साऱ्याभोवती पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता असतो.

निदानाचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कंपात काय फरक पडतो ते पाहावे. आरंभी नौका पाण्यात स्थिर ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये असताना, इंजिनाचा वेग हळूहळू थोडा वाढवावा. या अवस्थेत पंखा फिरत नाही; मात्र बहुतेक रचनांमध्ये इंजिन, त्याला जोडलेला शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट हे फिरतच असतात. कंप याही वेळी जाणवला तर पंखा निर्दोष समजावा आणि इंजिन, त्याचे रबरी आधार, जोडणी व बेअरिंग यांकडे वळावे. तो केवळ गिअर टाकून नौका चालू केल्यावरच उत्पन्न होत असेल तर शोध पंख्यापासून सुरू करावा.

कंपाच्या गतीवरूनही त्याचे मूळ ओळखता येते. समजा, इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत आहे आणि दंतचक्रांमुळे पंख्याची गती त्याच्या निम्मी होते. तर इंजिनाचे सेकंदाला सुमारे ६७ आणि पंख्याचे सुमारे ३३ फेरे होतील. पंख्याचे एकच पाते वाकले असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक, म्हणजे सेकंदाला ३३ धक्के बसतील. याउलट, तिन्ही पाती सारखी असूनही चालकभागाजवळून जाणारा पाण्याचा प्रवाह विस्कळित असेल तर प्रत्येक पात्यामागे एक, म्हणजे सेकंदाला १०० धक्के जाणवतील. पहिला कंप जड व घुमणारा असतो. दुसरा बारीक, गुणगुणल्यासारखा असतो.

पंख्याची तपासणी सोपी आहे आणि तिला खर्च जवळजवळ येत नाही. म्हणून ती आधी करावी. नौका पाण्याबाहेर घेऊन, इंजिन बंद करून व किल्ली काढून, एक काडी पात्याच्या टोकाजवळ स्थिर धरावी आणि पंखा हाताने फिरवावा. प्रत्येक पात्याचे काडीपासूनचे अंतर सारखे भरले पाहिजे. पंख्यामागे मासेमारीचा दोरा गुंडाळला गेला आहे काय, हेही पाहावे, कारण तो तेलाची सील कापतो.

कित्येकदा इंजिनाचा वेग एकाएकी वाढतो पण नौका पुढे जात नाही. याची कारणे मुख्यतः तीन असू शकतात. पंख्याच्या मध्यभागी धक्का सोसण्यासाठी बसवलेली रबरी नळी सुटून घसरत असेल, हे पहिले कारण. आतल्या व बाहेरच्या भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून नौका चालवून आणावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर निदान निश्चित झाले. दुसरे कारण म्हणजे पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाणे. हे तीव्र वळणावर किंवा चालकभाग फार वर उचलल्यास घडते, व तो खाली घेताच थांबते.

तिसरे कारण अधिक कुतूहलजनक आहे. पात्याच्या पाठीवरील दाब अतिशय कमी झाला की तेथले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळते; वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटताना धातूला खड्डे पाडतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेला १८९४ साली याच अडचणीने ग्रासले होते. इंजिन समर्थ असूनही एका पंख्याने तिला अपेक्षित वेग येईना. पार्सन्स यांनी तीन शाफ्ट व प्रत्येकावर तीन पंखे बसवून भार विभागला, आणि १८९७ साली स्पिटहेड येथील नौदल संचलनाच्या वेळी तिने ३४ नॉटहून, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरहून, अधिक वेग गाठला. आजच्या छोट्या नौकेत हा दोष बहुधा पात्याच्या तुटलेल्या कडेमुळे किंवा पंख्यापुढे वाढलेल्या शिंपल्यांमुळे उद्भवतो.

नौका नीट वळत नाही अथवा डोलते, अशा तक्रारींत यंत्राइतकाच वजनाचा व तळाचा विचार करावा लागतो. चालकभाग फार आत ओढलेला असेल तर नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पाण्यात रुतते आणि नौका अनपेक्षितपणे एका बाजूला वळू पाहते. तो फार बाहेर असेल तर नाळ संथ लयीत वरखाली आपटू लागते. पिछाडीकडे जास्त माणसे बसली असतील किंवा तळात पाणी साचले असेल तरीही असेच घडते. पिछाडीपासून सुमारे दीड मीटरपर्यंतचा तळ सरळ असावा लागतो. त्यावर लांब पट्टी टेकवून पाहिली असता, गाडीच्या चुकीच्या आधारामुळे तेथे पडलेला खळगा वा फुगवटा दिसून येतो. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्यामुळे नौका सरळ जाताना थोडी उजवीकडे ओढली जाते. हे दूर करण्यासाठी अनेक चालकभागांत पंख्याच्या वर एक लहान फिरते पाते बसवलेले असते. त्याची मागची कड किंचित उजवीकडे वळवल्यास हा ओढ कमी होतो.

आता भात्याकडे वळू. नौका सरळ जाताना गप्प असलेला आवाज वळणावर कडकड करू लागला तर संशय युनिव्हर्सल जॉइंटवर घ्यावा, कारण तो वळणावरच अधिक वाकतो. न्यूट्रलमध्ये व सरळ मार्गावरही घरघर चालू असेल तर बेअरिंग झिजले असण्याचा किंवा इंजिन आपल्या रेषेतून ढळले असण्याचा संभव अधिक. परंतु बेअरिंग का झिजले, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. पुष्कळदा भात्याला बारीक चीर पडलेली असते, तीतून पाणी शिरते, वंगण धुऊन जाते आणि बेअरिंग गंजते. केवळ बेअरिंग बदलले तर नवेही लवकरच गंजेल. त्याहून गंभीर गोष्ट अशी की भात्यामागील छिद्र पाण्याच्या पातळीखाली असते. चीर वाढत गेली तर धक्क्याला बांधलेली, कोणीही आत नसलेली नौका मुकाट्याने भरत जाऊन बुडू शकते. म्हणून घरघर ऐकू येताच प्रथम भाता तपासावा. त्याच्या घड्या ताणून प्रत्येक खाचेत बोट फिरवून पाहावे.

या सर्व तपासण्यांचा क्रम स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आत असा ठेवावा. प्रत्येक वेळी इंजिनाचे फेरे, चालकभागाची स्थिती, नौकेवरील भार आणि वळणाची दिशा यांची वहीत नोंद करावी. अशी चार-सहा पाने भरली की दोष कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो आणि कोणत्या परिस्थितीत लपतो हे स्पष्ट होते, व दुरुस्ती करणाऱ्यालाही अंदाजावर विसंबावे लागत नाही.