ताणलेल्या अवकाशातून कण

१९३९ साली एर्विन श्रोडिंगर यांना आपल्याच गणिताने धास्तावून सोडले. विश्व प्रसरण पावत असेल, तर निव्वळ त्या प्रसरणामुळे कणांच्या जोड्या जन्माला येऊ शकतात, असे ते गणित सांगत होते.

यात जादू काही नाही. क्वांटम भौतिकीत निर्वात पोकळीही निश्चल नसते. क्षेत्रांची बारीक थरथर तिथे अखंड चालू असते. हलत्या झोपाळ्याच्या दोऱ्या सावकाश लांबवल्या, तर झोका निमूट जुळवून घेतो. झटक्यात लांबवल्या, तर त्याची लयच बिघडते. तसेच अवकाश झपाट्याने ताणले गेले, की त्या थरथरीतून खरे कण उमटतात, तेही विरुद्ध दिशांना जाणाऱ्या जोडीने.

१९६०च्या दशकात लेनर्ड पार्कर यांनी हार्वर्डमध्ये पीएच.डी. करताना याची पक्की मांडणी केली. तिच्यातला सर्वांत देखणा निष्कर्ष असा : सर्व दिशांना सारख्याच होणाऱ्या प्रसरणात प्रकाशकण मात्र असे निर्माण होत नाहीत!

आजचे प्रसरण फार संथ आहे, त्यामुळे हा परिणाम नगण्यच. पण २०२२मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी पोटॅशियमच्या अतिशीत अणूंच्या ढगात प्रसरणाची नक्कल केली आणि ध्वनिकणांच्या अशाच जोड्या प्रयोगशाळेत टिपल्या.