तळोजाच्या कोठडीतून आलेलं पत्र

हात सतत थरथरत असेल तर पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत नेणंही जमत नाही. फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सन होता, वय 83. झारखंडमध्ये आदिवासींच्या जल-जंगल-जमिनीसाठी आणि जेलमध्ये खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे हे जेझुइट धर्मगुरू. 8 ऑक्टोबर 2020 ला एनआयएनं एल्गार परिषद प्रकरणात त्यांना रांचीतून अटक केली आणि आपल्याच राज्यातल्या तळोजा जेलमध्ये आणलं. 6 नोव्हेंबरला त्यांनी कोर्टाकडे मागितलं काय, तर स्ट्रॉ आणि सिपर! एनआयएनं उत्तरासाठी 20 दिवस घेतले आणि सांगितलं, ते आमच्याकडे नाहीत. सोशल मीडियावर संताप उसळला, लोकांनी ऑनलाइन सिपर मागवून थेट एजन्सीच्या पत्त्यावर पाठवले. नंतर जेलनं सिपर दिला.

हे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच महिन्यात जेलमधून आलेलं त्यांचं पत्र मात्र तेवढं व्हायरल झालं नाही. साधारण 13 बाय 8 फुटांची कोठडी, सोबत आणखी दोन कैदी. पत्रात रडगाणं नाही. अरुण फरेरा नाश्ता-जेवणाला मदत करतात, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळीला. रात्रीच्या जेवणाला कोठडीतले ते दोघं हात लावतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. खूप गरीब घरची माणसं आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, एवढीच विनंती. या जेलमध्येही माणुसकी उसळतेय, असं ते लिहितात.

दुःखात देवाचं प्रेम सापडतं, असं कॅथलिक माणूस म्हणतो तेव्हा आपल्याला शंका येतेच. आपल्या पिंपळगावात गारपिटीनं द्राक्षबाग झोपली की कुणीतरी म्हणतंच, "भोग आहेत, भोगायचे!" मग ख्रिस्ती लोकही तेच म्हणतात का? तसं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 1981 मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर 1983 मध्ये ते जेलमध्ये जाऊन गोळ्या झाडणाऱ्याला भेटले आणि दीडेक महिन्यानं, 11 फेब्रुवारी 1984 ला, त्यांनी फक्त दुःख या विषयावर एक मोठं पत्र काढलं. प्रत्येक दुःख ही पापाची शिक्षा नसते, हे त्यात स्पष्ट आहे. आणि पत्राच्या शेवटाकडे येते बायबलमधली त्या परक्या प्रवाशाची गोष्ट, जो रस्त्यात लुटून टाकलेल्या जखमी माणसाला उचलतो, मलमपट्टी करतो. म्हणजे प्रेम दुखण्यात नसतं, ते उचलणाऱ्याच्या हातात असतं. तळोजात तेच घडत होतं.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. तिथे मेणबत्ती लावणारे कितीतरी जण दुखणं जावं म्हणूनच आलेले असतात, आणि त्यात गैर काय? अटकेच्या रात्री खुद्द येशूनंही हे दुःख टळावं म्हणून प्रार्थना केली होती.

स्टॅन स्वामीही सोसत गप्प बसले नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'देवाची इच्छा' म्हणून दुसऱ्याचं तोंड बंद करणं सोपं असतं. त्यांनी आरोप नाकारले, जामीन मागत राहिले. मार्च 2021 मध्ये स्पेशल कोर्टानं तो फेटाळला. 21 मे ला ते व्हिडिओवरून हायकोर्टासमोर आले. तब्येत ढासळत चालली होती. जेजे हॉस्पिटलला जाण्यापेक्षा इथेच मरेन, मला रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या, असं त्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं. मे अखेरीस त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं, तिथे कोविड निघाला. 5 जुलैला हायकोर्टात जामिनाचीच सुनावणी होती. ते गेल्याचं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिथेच कोर्टाला सांगितलं. खटला तोवर सुरूही झाला नव्हता.