लिफ्टमधला कुत्रा आणि आपली पाकी

शहरात राहायचे म्हणजे कुत्र्याशी रोज गाठ पडणारच. फज्रला मशिदीकडे निघालो की गल्लीतली चार-पाच कुत्री उठून उभी राहतात. संध्याकाळी इमारतीच्या लिफ्टचे दार उघडले की आत पट्टा धरून काकू आणि त्यांचा भला मोठा कुत्रा. आम्ही दचकून मागे सरतो, कपडे सावरतो. काकूंच्या ते लक्षात आले. आता आम्ही दिसलो की त्या पट्टा आखडून म्हणतात, "तुम्ही आधी जा, आम्ही मागून येतो." नमाजचे कपडे आहेत, हे त्यांना सांगावेही लागत नाही.

परवा मात्र आमच्याच मुलाने खाली झोपलेल्या कुत्र्याला दगड मारला. रागावलो तर म्हणाला, "अम्मी, तूच म्हणतेस ना, कुत्रा नापाक असतो?"

आम्ही गप्प झालो. पाकीचा नियम आम्ही त्याला शिकवला होता, पण त्याबरोबरची रहमत शिकवायची राहूनच गेली होती.

नियम आहे, आणि तो पाळायचाच आहे. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे, त्यात एकदा मातीने, अशी हदीस आहे. शिकार, गुरे किंवा शेतीची राखण यांसारख्या कारणाशिवाय कुत्रा पाळू नये, असेही सांगितले आहे. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत मत अधिक कडक आहे, तिथे कुत्र्याचे सारे अंगच नापाक मानतात. पण कोरड्या अंगाचा कोरड्या कपड्याला स्पर्श झाला तर दोन्ही मतांप्रमाणे कपडे नापाक होत नाहीत, आणि वुजूही मोडत नाही. लाळ लागली तर तेवढी जागा धुवायची. म्हणजे लिफ्टमध्ये किंचाळण्यासारखे काहीच नसते.

आता दुसरी बाजू. सूरह कहफमध्ये गुहेतल्या त्या तरुणांबरोबर उंबरठ्याशी पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची परवानगी आहे. आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली ती हदीस कोणाला ठाऊक नाही? तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक माणूस पुन्हा विहिरीत उतरला. चामड्याच्या मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. प्रत्येक सजीवावर दया करण्यात सवाब आहे, असे प्रेषित (स.) यांनी त्या वेळी सांगितले.

आम्ही ही गोष्ट मुलाला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "त्याचा मोजा नापाक झाला असेल ना?" आम्ही म्हटले, "झाला असेल, तर धुतला असेल."

दया म्हणजे बेसावधपणा नव्हे. अनोळखी कुत्रा खात असेल, झोपला असेल किंवा पिलांजवळ असेल तर मुलांना जवळ जाऊ देऊ नये. मागे लागला तर पळू नये. चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-मिरची-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, वेळेवर घेतलेली लसच वाचवते. कुत्रा पाळणाऱ्यांनीही लस चुकवू नये, पट्टा सोडू नये आणि घाण उचलावी. एवढे मागण्याचा शेजाऱ्यांना हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाने जुने मातीचे भांडे शोधून काढले आणि जिन्याखाली पाणी भरून ठेवले. काकूंनी ते पाहिले. हसून म्हणाल्या, "उन्हाळाभर आता आपण आळीपाळीने भरू."