एकाच तारेतून वीज आणि खबर

झरी जामणीतल्या एखाद्या ग्रामपंचायतीचं नेट चालू आहे का, हे यवतमाळात बसून कळावं म्हणून आपण तिथं एक रास्पबेरी पाय ठेवतो. त्याला लागतात पाच व्होल्ट. पण तेवढेच लांब तारेतून पाठवले तर वाटेतच गळतात. म्हणून स्विचनं इथरनेटमधून साधारण ४८ व्होल्ट सोडायचे (प्रवाह कमी, गळती कमी) आणि पायवर बसवलेल्या जोडबोर्डानं त्याचे पाच करायचे. २००३ च्या मानकात स्विचकडून १५.४ वॅट निघतात, शंभर मीटरवर १२.९५ हमखास पोचतात.

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा आवडता प्रश्न: पठ्ठ्या गप्प झाला, तर मेला कोण? तो, की रस्ता? स्विच बोलत असेल तर रस्ता शाबूत. मग इथूनच त्या पोर्टची वीज तोडून पुन्हा द्यायची. एसटीचा हेलपाटा बहुधा वाचतो. स्विचही गप्प असेल तर लाइन गेली की फायबर तुटलं, इथून कळत नाही. स्विच आणि फायबरचा मोडेम दोन्ही यूपीएसवर ठेवा. बॅटरी टिकेल तोवर लोडशेडिंगचा संशय तरी नको.