प्रार्थनेतून उठवलेल्यांचे चर्च

अठराव्या शतकाच्या अखेरचे फिलाडेल्फिया. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला आलेल्या कृष्णवर्णीय माणसांना दारातच सांगण्यात आले, की तुमची जागा आता वर, गॅलरीत. ती गॅलरी उभी राहावी म्हणून याच माणसांनी वर्गणी दिली होती. काही न बोलता ते वर गेले आणि आपल्या जुन्या जागांच्या बरोबर वरच्या बाजूला बसले. प्रार्थना सुरू झाली, सर्वांनी गुडघे टेकले. तेवढ्यात चर्चचा एक विश्वस्त आला आणि गुडघे टेकलेल्या अब्सालोम जोन्स यांना ओढून उठवू लागला. येथे बसायचे नाही, असे त्याचे म्हणणे. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्स यांनी मागितले. तेही मिळाले नाही. विश्वस्ताने दुसऱ्याला मदतीला बोलावले. प्रार्थना संपली आणि सगळे जण एकाच वेळी उठून बाहेर पडले. त्या दिवशी तेथे असलेल्या रिचर्ड ॲलन यांनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

बाहेर पडलेल्या या माणसांमधून पुढे जी मंडळी उभी राहिली, तिचे नाव आफ्रिकन एपिस्कोपल चर्च ऑफ सेंट थॉमस. एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणारे चर्च. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील अँग्लिकन मंडळ्यांनी इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडले आणि हे नाव घेतले. सेंट थॉमस ही त्या पंथातील पहिली कृष्णवर्णीय मंडळी.

अब्सालोम जोन्स यांचा जन्म 1746 मध्ये डेलावेअरमध्ये गुलामगिरीत झाला. लहानपणी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी वाचायला शिकण्याचे पुस्तक विकत घेतले. सोळाव्या वर्षी त्यांची आई आणि भावंडे विकली गेली, आणि मालक त्यांना फिलाडेल्फियाला घेऊन आला. तेथे ते दिवसभर मालकाच्या दुकानात राबत आणि रात्रीच्या शाळेत शिकत. 1770 मध्ये लग्न झाले. पत्नी मेरी हीसुद्धा गुलाम होती. जोन्स यांनी जमवलेल्या आणि कर्जाऊ घेतलेल्या पैशांतून आधी तिला सोडवले, कारण मूल आईच्या दर्जाने जन्माला येई. आई स्वतंत्र तर मूल स्वतंत्र. स्वतःच्या सुटकेसाठी मात्र त्यांना 1784 पर्यंत थांबावे लागले. तेव्हा ते अडतिशीच्या उंबरठ्यावर होते.

12 एप्रिल 1787 रोजी जोन्स आणि ॲलन यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. सभासदांनी दरमहा थोडी वर्गणी द्यायची, त्यातून आजारी माणसाला, विधवेला, पोरक्या मुलांना आधार द्यायचा, अशी तिची रीत. स्वतःच्या चर्चची कल्पना याच वर्गणीच्या वहीतून पुढे आली.

22 ऑगस्ट 1793 रोजी या नव्या चर्चच्या इमारतीवर छपराचा सांगाडा चढला आणि शहराबाहेर झाडांच्या सावलीत जेवण झाले. पहिल्या पंगतीला गोरे पाहुणे बसले, कृष्णवर्णीयांनी वाढले. मग कृष्णवर्णीय बसले आणि गोऱ्यांनी वाढले. तेथे हजर असलेले शहरातले वैद्य डॉ. बेंजामिन रश यांनी पत्नीला पत्रातून हे कळवले. कोण कोणाच्या पंगतीला बसतो आणि कोण कोणाला वाढतो, याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

त्याच दिवसांत शहरात पीतज्वराची साथ पसरली. सुमारे पन्नास हजारांच्या वस्तीतील पाच हजारांच्या आसपास माणसे दगावली. ज्यांना जमले ते पळाले. आफ्रिकन वंशाच्या लोकांना हा ताप होत नाही, अशी रश यांची समजूत होती, म्हणून त्यांनी कृष्णवर्णीयांना मदतीची हाक दिली. समजूत चुकीची निघाली. मदतीला गेलेलेही मेले. तरी जोन्स आणि ॲलन यांची माणसे रुग्णांची शुश्रूषा करत राहिली, घरोघरची प्रेते उचलून पुरत राहिली. साथ ओसरल्यावर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने पुस्तिका काढून कृष्णवर्णीय शुश्रूषकांवर लुबाडणुकीचा आरोप केला. जोन्स आणि ॲलन यांनी 1794 च्या आरंभी स्वतःची पुस्तिका छापून उत्तर दिले आणि सोबत जमाखर्च मांडला. मृतांना पुरण्याच्या कामी 233 पौंड आले, शवपेट्या आणि मजुरी यांवर 411 पौंड गेले. वरचे 177 पौंड त्यांनी पदरचे घातले होते. एवढ्या संयमाने आणि एवढ्या चोख हिशेबाने दिलेली उत्तरे इतिहासात थोडी सापडतात.

17 जुलै 1794 रोजी पाचव्या रस्त्यावरचे चर्च उपासनेसाठी खुले झाले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या इमारतीत मंजूर झाला, ती तेथून चालत काही मिनिटांवर होती. कोणत्या पंथात जायचे यावर आधीच मतदान झाले होते. मेथडिस्ट राहावे असे म्हणणारे दोघेच, ॲलन आणि जोन्स. बाकीचे एपिस्कोपल बाजूचे. ॲलन यांनी पाळकपद नाकारले, ते मेथडिस्टच राहिले आणि पुढे त्यांनी स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभारले. जोन्स यांनी बहुमत मान्य करून मंडळीची धुरा घेतली. दोघांची मैत्री मात्र तुटली नाही.

बिशप विल्यम व्हाइट यांच्या धर्मप्रांतात जाताना सेंट थॉमसने आपल्या अटी घातल्या. मंडळी संघटित म्हणून स्वीकारली जावी, तिचा कारभार कायम तिच्याच हातात राहावा, आणि जोन्स यांना उपासना चालवण्याचा परवाना व पात्र ठरल्यास दीक्षा मिळावी. तिन्ही मान्य झाल्या. 1795 मध्ये ग्रीक-लॅटिनची अट माफ करून जोन्स यांना डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीची, दीक्षा दिली गेली. पुढे काही वर्षांनी ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय एपिस्कोपल धर्मगुरू झाले. पण त्या सवलतीची किंमत वसूल झाली. धर्मप्रांताच्या अधिवेशनात सेंट थॉमसला प्रतिनिधी पाठवता येणार नाही, असे ठरले. ही बंदी उठायला 1860 चे दशक आणि यादवी युद्ध उजाडावे लागले. घर स्वतःचे होते, पण पंथाच्या सभेत सुमारे सत्तर वर्षे आवाज नव्हता.

म्हणून या मंडळीने आवाज दुसरीकडे उठवला. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पळालेले गुलाम ठरवून पकडून नेले जात होते. त्याविरुद्धचा अर्ज जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 1799 च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसकडे दिला. पुढच्या जानेवारीत प्रतिनिधिगृहाने तो 85 विरुद्ध 1 मतांनी झिडकारला. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावरची बंदी 1 जानेवारी 1808 रोजी लागू झाली. त्या दिवशी जोन्स यांनी सेंट थॉमसमध्ये आभाराचा उपदेश दिला आणि हा दिवस दरवर्षी पाळावा, असे सांगितले. जहाजांची शिडे बनवून धनवान झालेले जेम्स फोर्टन, जे पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे मोठे आधारस्तंभ ठरले, या मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक होते. मुलांसाठी शाळा, स्त्रियांची मदत संस्था, परस्पर साहाय्याची मंडळे या चर्चच्या आधाराने वाढली. पाळक विल्यम डग्लस यांनी 1862 मध्ये मंडळीचा इतिहास छापला, म्हणून यातले बरेच काही आज कळते.

1873 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या मुक्तीची कथा आपण बहुधा सोडवणाऱ्यांच्या बाजूने वाचतो. सेंट थॉमसच्या नोंदी ती सुटणाऱ्यांच्या बाजूने सांगतात. वर्गणी काढणारे, जमाखर्च छापणारे, अर्ज फेटाळला तरी पुन्हा लिहिणारे हे लोक होते. माझ्या मते या चर्चचे मोठेपण त्याच्या पहिलेपणात नाही. दुसऱ्याच्या घरात जागा मागण्याआधी त्यांनी स्वतःचे घर बांधले, आणि पंथात शिरताना त्याच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. मोठेपण त्यात आहे.

मूळ इमारत आज नाही. मंडळीने शहरात अनेक जागा बदलल्या. आता ती पश्चिमेकडील ओव्हरब्रुक भागात, लँकेस्टर ॲव्हेन्यूवर आहे. जोन्स 13 फेब्रुवारी 1818 रोजी वारले, आणि 13 फेब्रुवारी हा एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात त्यांचा स्मृतिदिन आहे. 1991 मध्ये त्यांचे अवशेष उकरून त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा सेंट थॉमसमध्ये, त्यांच्या नावाच्या वेदीत ठेवण्यात आली. ज्यांना एके काळी प्रार्थनेतून ओढून उठवले, त्यांच्यासमोर आज त्यांची मंडळी गुडघे टेकते, आणि तेथून कोणी कोणाला उठवत नाही.