गड नदीच्या चिखलातलं क्रोमियम कुणाचं?

कणकवलीजवळच्या जानवली आणि वागदे या गावांच्या जमिनीत क्रोमाइट आहे. क्रोमियम आणि लोखंड यांचं हे काळं, जड खनिज. भूवैज्ञानिकांच्या नोंदीत ते फार पूर्वीपासून आहे. हा सगळा मुलूख गड नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या जानवली नदीच्या पाणलोटातला. हजारो पावसाळे या खडकाची झीज नदीत उतरत आली आहे आणि खाली मसुऱ्याजवळ, भरतगड आणि भगवंतगड या किल्ल्यांच्या मधून जाणाऱ्या कालावल खाडीत बसत आली आहे. काठावर एकही कारखाना नसता, तरी मसुऱ्याच्या चिखलात क्रोमियम असतंच.

‘खाडीच्या गाळात जड धातू’ अशी बातमी वाचली की पोटात गोळा येतो. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचा शरीराला काहीच उपयोग नाही, अपायच आहे. तांबं आणि जस्त मात्र थोड्या प्रमाणात आपल्याला लागतातच. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. धातू आला कुठून आणि गाळात तो कोणत्या रूपात आहे, हे आधी विचारायला हवं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोकणात फार घोळाचं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा बेसाल्ट तांब्याने समृद्ध. त्यात दशलक्ष भागांत शंभराहून जास्त भाग तांबं सहज सापडतं. सड्यावरचा जांभा लोखंडाने लाल झालेला. याउलट जगभरचे अभ्यासक गाळाची तुलना ज्या आकड्यांशी करतात, ते तुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ साली दिलेले शेल खडकाचे जागतिक सरासरी आकडे आहेत. त्यात दशलक्ष भागांत तांबं ४५, क्रोमियम ९०, शिसं २०. जर्मनीच्या म्युलर यांनी १९६९ मध्ये याच तुलनेवर एक निर्देशांक बसवला. मोजलेलं प्रमाण मूळ प्रमाणाच्या दीडपटीने भागायचं आणि भागाकाराचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिथम काढायचा. उत्तर शून्याखाली आलं तर गाळ स्वच्छ.

समजा, मसुऱ्याच्या गाळात क्रोमियम ३०० भरलं. जागतिक ९० धरून हिशेब केला तर निर्देशांक १च्या पुढे जातो आणि खाडीवर ‘मध्यम प्रदूषित’ असा शिक्का बसतो. पण या नदीचं मूळ प्रमाणच २८० असेल, तर त्याच गाळाचं उत्तर शून्याखाली येतं. नमुना तोच, यंत्र तेच, निकाल मात्र उलटा. उद्या एखाद्या प्रकल्पाने खरोखर धातू सोडला, तर याच संदिग्धतेच्या आड तो सहज लपेल, ही मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. ‘तुमच्या नदीत हे आधीपासूनच आहे’ एवढं म्हटलं की वाद संपतो.

यावर उपाय त्याच चिखलात आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात प्लास्टिकची नळी खोलवर ठोकायची, आतला गाळ अखंड बाहेर काढायचा आणि धातूचा स्पर्श होऊ न देता त्याच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करायच्या. जिथे वर्षाला अर्धा सेंटिमीटर गाळ साठतो, तिथे अर्ध्या मीटरखाली शंभर वर्षांपूर्वीचा चिखल असतो. त्याचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी अणूवरून काढतात. त्याचं प्रमाण साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. मोटारी आणि बाजारू रसायनं येण्याआधीची ती खालची चकती म्हणजेच या खाडीचं स्वतःचं मूळ प्रमाण. गोवा विद्यापीठात जी. एन. नायक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडवी, जुवारी आणि वाघोटन नद्यांच्या मुखांतल्या चिखलावर असं काम केलेलं आहे. म्हणजे हे ज्ञान मसुऱ्यापासून फार दूर नाही.

आता रूपाकडे वळू. टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये गाळातल्या धातूचे पाच वाटे वेगळे करण्याची रीत दिली. काही धातू कणाला नुसता चिकटलेला असतो, काही कार्बोनेटात, काही लोखंड-मँगनीजच्या ऑक्साइडात, काही कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात असतो आणि उरलेला खनिजाच्या स्फटिकात पक्का बंद असतो. क्रोमाइटमधलं क्रोमियम या शेवटच्या वाट्यातलं. ते विरघळवायला प्रयोगशाळेत अतिशय तीव्र आम्लं लागतात. तिसरे नावाच्या शिंपल्याच्या पोटात ते सुटत नाही. खरी काळजी पहिल्या चार वाट्यांची.

खाडीत हे वाटे सतत बदलत असतात. गोडं पाणी खाऱ्यात मिसळलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, धातूही त्यांच्यासोबत बसतो. चिखलात जरा खोल प्राणवायू नसतो. तिथल्या काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या थरात धातू गंधकाशी जखडून राहतात. तो थर ढवळला की गंधकाचं बंधन तुटतं, आणि कॅडमियमसारखा धातू खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी करून पुन्हा पाण्यात फिरू लागतो. म्हणून वाळू उपशाचा प्रश्न फक्त तळाशील-तोंडवळीच्या किनाऱ्याची धूप होण्यापुरता नाही. वाळूबरोबर हा काळा गाळही उसळतो. कांदळवन तोडल्यानेही तेच होतं.

माणसाने घातलेली भर आपल्या अंगणातच शोधावी लागेल. सुपारीच्या कोळेरोगावर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, होड्यांच्या बुडाला लावायचे तांबंयुक्त रंग, पागाच्या कडेला लावलेलं शिसं, वरच्या गावांचं सांडपाणी, मूर्तींचे रंग. शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याची खूण गाळाच्या थरांत राहते.

उशीर झाला की काय होतं, हे जपानच्या मिनामाता उपसागराने दाखवलं आहे. १९३२ ते १९६८ पर्यंत कारखान्याचा पारा तिथे सोडला गेला. १९५६ मध्ये आजार उघड झाला. पुढे १९७७ ते १९९० अशी तेरा-चौदा वर्षं सुमारे १५ लाख घनमीटर विषारी गाळ उपसून, भराव घालून बंदिस्त करावा लागला. आपल्याकडे उल्हास नदीच्या खाडीत आणि ठाण्याच्या खाडीतही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पारा मोजला आहे. तिथे मूळ स्थिती शोधायला आज जमिनीत खोल उतरावं लागतं.

कालावल खाडीच्या काठचे लोक तिसरे आणि कालवं खातात. हे जीव पाणी गाळून जगतात आणि धातू अंगात साठवतात. म्हणूनच एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांवरूनच जगभरच्या किनाऱ्यांवर नजर ठेवण्याची कल्पना मांडली. हे आपल्याकडेही जमण्यासारखं आहे. मालवणच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी पावसाळ्याआधी ठरलेल्या जागांवरून तिसरे आणि गाळ गोळा करावा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा आणि आकडे मसुरे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. वाळूच्या लिलावाला किंवा खाडीकाठच्या कोणत्याही मोठ्या बांधकामाला परवानगी देण्याआधी गाळाची एक अखंड नळी काढून ती सरकारी खर्चाने जपून ठेवावी, अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.