घर ओस असताना राखणीच्या कुत्र्याची व्यवस्था

शेतावरच्या वस्तीत बैल, गाई, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या जोडीला एखादा कुत्रा नाही, असे घर क्वचितच आढळते. रात्री-अपरात्री परक्या माणसाची चाहूल देणे, रानडुकरांना हुसकावणे, शेळ्यांमागे रानात जाणे ही कामे तो बिनबोभाट करीत असतो. गाईच्या वैरणीचा आणि म्हशीच्या आंबोणाचा हिशेब आपण ठेवतो. कुत्र्याच्या दिवसाचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. उरलेली भाकरी टाकली की त्याचे भागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

पूर्वी ही समजूत फारशी अंगाशी येत नसे. कारण घर दिवसा क्वचितच रिकामे असे. कोणी म्हातारे माणूस ओसरीवर बसलेले असे, लहान मुले अंगणात खेळत असत, आणि त्यांच्या वावरात कुत्र्याचा दिवस जात असे. आता बहुतेक कुटुंबे लहान झाली आहेत. पती-पत्नी दोघेही शेतात किंवा मजुरीस जातात, मुले शाळेत जातात, आणि सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत वस्तीवर कुत्र्याखेरीज कोणी उरत नाही. हे अकरा तास त्याने कसे काढावेत, याचा विचार घर सोडण्यापूर्वी मालकानेच केला पाहिजे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी वैशाख महिन्यात प्रस्तुत लेखक उन्हाळी भुईमुगाच्या पाहणीसाठी एका वस्तीवर गेला होता. दुपारचा एक वाजला होता. घराला कुलूप होते. गोठ्याच्या पश्चिमेकडील मेढीला एक कुत्रा साखळीने बांधलेला होता. मेढीभोवती फिरून फिरून साखळीचे वेढे पडले होते आणि मोकळी साखळी जेमतेम हातभर उरली होती. पाण्याचे घमेले उपडे झाले होते. जागा पूर्णपणे उन्हात होती. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला होता, तो जोराने धापा टाकीत होता आणि त्याला उठून उभे राहता येत नव्हते.

शेजारच्या विहिरीवरून पाणी आणून त्याचे अंग भिजविले, त्याला सावलीत नेले आणि मालकास निरोप धाडला. मालक धावत आला. तो निष्काळजी गृहस्थ नव्हता. वर्षभरापूर्वीपर्यंत त्याची आई घरी असे आणि कुत्रा मोकळा असे. आई वारल्यानंतर घर दिवसा ओस पडू लागले. कुत्रा शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे लागतो अशी तक्रार आली, म्हणून त्याला बांधणे भाग पडले होते. निघताना त्याने पाणी ठेवले होते व सावलीही पाहिली होती. "सकाळी तर इथं सावली होती, साहेब," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कुत्रा सायंकाळी उठून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. परंतु तिसऱ्या दिवशी तो गेला. या घटनेत कोणाचा दुष्टावा नव्हता. सकाळची सावली दुपारी राहत नाही, एवढीच गोष्ट ध्यानात आली नव्हती.

प्रौढ कुत्रा किती वेळ एकटा राहू शकतो?

कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि पाळीव कुत्र्याचा कळप म्हणजे मालकाचे घर. एक वर्षावरील निरोगी कुत्र्यास काही तास एकटे राहण्याची सवय लावता येते. दिवसाचा बराच वेळ तो झोपून काढतो, त्यामुळे चार ते सहा तासांचा एकांत त्यास सहसा बाधत नाही. तथापि, त्याला वेळेची जाणीवच नसते असे समजू नये. स्वीडनमध्ये १२ पाळीव कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास घरी एकटे ठेवून पाहण्यात आले. अर्ध्या तासानंतर परतलेल्या मालकाचे कुत्र्यांनी जितके स्वागत केले, त्याहून दोन तास किंवा अधिक काळाने परतलेल्या मालकाचे अधिक उत्कटतेने केले. मालक किती वेळ दूर होता याचा कुत्र्याच्या वागणुकीवर परिणाम होतो, हे यावरून दिसते.

बांधलेला कुत्रा मलमूत्रासाठी आपल्या जागेपासून दूर जाऊ शकत नाही. तेव्हा सहा तासांच्या आत एकदा तरी त्यास मोकळे करावे. पिलास इतका वेळ एकटे ठेवू नये. प्रौढ कुत्र्यासही सवय हळूहळू लावावी: प्रथम अर्धा तास, नंतर एक तास, मग दोन तास, याप्रमाणे आठ-पंधरा दिवसांत वेळ वाढवीत जावा. सतत विव्हळणे, दार ओरबाडणे, जमीन उकरणे, साखळी चावणे किंवा खाणे सोडणे ही एकटेपणा सोसत नसल्याची लक्षणे होत. अशा वेळी त्यास मारल्याने काहीही साधत नाही. एकटे राहण्याचा वेळ कमी करून सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी.

सावली

माणसाप्रमाणे कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो, म्हणून ऊन त्यास लवकर बाधते. सकाळी घराची सावली पश्चिमेस पडते आणि दुपारनंतर ती पूर्वेस जाते. कुत्र्याची जागा ठरविण्यापूर्वी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता त्या जागी उभे राहून पाहावे. तिन्ही वेळी सावली असेल तीच जागा योग्य समजावी. कडुनिंब, आंबा, चिंच किंवा करंज यांची दाट सावली उत्तम. बाभळीची सावली विरळ असल्याने तिच्यावर विसंबू नये. झाड नसल्यास पूर्वाभिमुख पडवी चालेल, किंवा चार मेढी रोवून वर उसाचे पाचट अथवा तुरकाट्यांचा जाड थर घालावा. नुसत्या पत्र्याखाली अगर पत्र्याच्या बंद खोलीत कुत्रा कोंडू नये; उन्हाळ्यात अशी खोली भट्टीप्रमाणे तापते. पावसाळ्यात तीच जागा उंच व कोरडी राहील असे पाहावे.

पाणी

मध्यम बांध्याच्या कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे एक लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात याहून पुष्कळ अधिक लागते. घमेले किंवा ॲल्युमिनियमचे भांडे साखळीच्या हिसक्याने उपडे होते. त्याऐवजी पसरट तोंडाचे मातीचे भांडे निम्मे जमिनीत पुरावे किंवा दगडी डोणी ठेवावी. एकाऐवजी दोन ठिकाणी पाणी ठेवणे अधिक चांगले. दोन्ही भांडी सावलीत व साखळीच्या टप्प्यात असावीत. पाणी रोज बदलावे.

साखळी

कुंपण घातलेले अंगण असल्यास कुत्रा त्यात मोकळा ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. बांधणे अपरिहार्य असेल तर मेढीला किंवा झाडाच्या बुंध्याला न बांधता पुढील योजना करावी. सावलीच्या जागी आठ ते दहा मीटर अंतरावर दोन खांब रोवून त्यांच्या दरम्यान डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणून बांधावी. तारेत एक लोखंडी कडी ओवावी आणि तिला साखळी अडकवावी. कडी तारेवरून सरकत असल्याने कुत्र्यास फिरता येते. प्रत्येक खांबापासून साखळीच्या लांबीहून थोड्या अधिक अंतरावर तारेला गाठ किंवा अडसर घालावा, म्हणजे खांबाभोवती वेढे पडणार नाहीत. साखळी हलकी असावी आणि कुत्र्यास आरामात निजता येईल इतकी लांब असावी. गळ्यातील पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. साखळीच्या टप्प्यात विहिरीचा काठ, भिंत किंवा ओटा नसावा. पलीकडे उडी मारलेला कुत्रा गळफास बसून मरतो.

ही केवळ भूतदयेची बाब नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ अन्वये प्राण्यास अवास्तव आखूड वा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे अपराध आहेत.

दिवसाचा क्रम

सकाळी कामास निघण्यापूर्वी अर्धा तास कुत्र्यास मोकळे फिरवावे आणि थोडे खाणे द्यावे. दमलेला व पोट शांत असलेला कुत्रा मालक गेल्यावर निजतो. मुख्य जेवण सायंकाळी द्यावे. दिवसभराचे अन्न एकदम मांडून ठेवल्यास त्यास मुंग्या लागतात आणि भटकी कुत्री येतात. कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्र्यास देऊ नये, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. द्राक्षे व बेदाणेही त्यास विषारी ठरू शकतात. शिजविलेली हाडे फुटून घशात वा आतड्यात रुततात.

दुपारी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी भाकरी नेण्यास किंवा गुरांना पाणी दाखविण्यास वस्तीवर येतेच. त्याच माणसाने कुत्र्यास दहा-पंधरा मिनिटे सोडावे, पाणी भरावे आणि सावली पाहावी. सर्वजण दूर कामास जात असतील तर शेजारच्या वस्तीशी आळीपाळीचा करार करावा. एका वस्तीने दुसरीची दुपार पाहणे हे सावडीचेच काम आहे.

कुत्र्यास शेतावर बरोबर नेणे हा अर्थातच उत्तम उपाय. मात्र औषध फवारणीच्या दिवशी त्यास नेऊ नये. कीटकनाशकांच्या बाटल्या, प्रक्रिया केलेले बियाणे आणि उंदरांसाठी लावलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष घरी एकट्या राहिलेल्या कुत्र्याच्या टप्प्यात येणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

रात्रपाळी आणि बिबट्या

शेतीपंपास रात्री वीज मिळते त्या आठवड्यात घर रात्रीही ओस पडते. उसाच्या पट्ट्यात अशा वेळी वेगळाच धोका असतो. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. त्यात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला. उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यापासून पळूही शकत नाही. शिवाय एकदा भक्ष्य मिळाले की तो प्राणी वस्तीकडे पुन्हा येण्याचा संभव असतो. म्हणून पाणी धरण्यास जाताना कुत्रा पक्क्या जाळीच्या व हवा खेळत्या जागेत बंद करावा किंवा घरात घ्यावा.

चावा आणि लस

दिवसभर आखूड साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो. त्यास पळण्यास जागा नसल्याने जवळ आलेल्या मुलास तो चावण्याचा संभव अधिक असतो. 'बांधल्याने कुत्रा तिखट होतो' असे काही लोक अभिमानाने सांगतात. परंतु अशा कुत्र्याचा चावा चोराआधी घरच्या पाहुण्यासच बसतो. चांगल्या राखणदाराने ओळखीचा व परका हा भेद जाणला पाहिजे, आणि तो माणसांत वावरल्यानेच कळतो.

पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीज प्रतिबंधक लस टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी ती न चुकता द्यावी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र रोग टाळते.

उष्माघात झाल्यास

अतिशय जोराची धाप, दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, ओकारी आणि शेवटी बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे होत. कुत्र्यास तात्काळ सावलीत न्यावे. पोट, जांघा व पाय यांवर साधे पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. शुद्धीवर असल्यास थोडेथोडे पाणी पिऊ द्यावे. बेशुद्ध असल्यास घशात पाणी ओतू नये. कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी थांबू नये. मूत्रपिंडासारख्या आतील इंद्रियांची हानी नंतरही जीव घेते. म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मदत मागावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

वस्तीवर गेल्यावर पीक व गोठा पाहतो त्याचप्रमाणे कुत्र्याची जागाही पाहावी, शक्यतो दुपारी. सकाळी गेल्यास सर्व ठीकच दिसते. पाणी, सावली, साखळी व लसीचा दाखला या चार गोष्टी विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. सरकत्या साखळीची योजना एखाद्या वस्तीवर प्रत्यक्ष करून दाखवावी, म्हणजे शेजारचे शेतकरी ती पाहून घेतील.

वर सांगितलेल्या व्यवस्थेस तार, दोन खांब व एक मातीचे भांडे यांपलीकडे खर्च नाही. उद्या सकाळी घराला कुलूप लावताना शेतकरी बंधूंनी क्षणभर थांबावे आणि दुपारी एक वाजता ऊन कोठे असेल ते पाहून मगच कुत्रा बांधावा.